नातीच्या अंघोळीचा नळ

गुरुवार, १२ डिसेंबर १९९१

रविवारी सून माहेराहून येणार, सव्वा महिन्याच्या पोरीला घेऊन. माझी पहिली नात! आनंद मावत न्हाय, आणि इकडे त्या नळाने डोकं उठवलंय. बाथरूमला टाइल्स आधीच लागलेल्या, नळ उभ्या माणसाच्या कमरेला. मी पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालणार, बसल्या जागी हात पोचायला नको?

प्लंबर म्हणतो, “अम्मा, इतना नीचे नल कौन लगाता है?” मी कोरड्या फरशीवर पाय पसरून बसले, टॉवेलची गुंडाळी पायावर घेतली आणि हात लांबवला. “इधर निशान मारो.” हसला मेला, पण मारलं. दोन टाइल्स फुटल्या. लेक ओरडला, “आई, असल्या गुलाबी आता मिळत न्हायत!” मग पांढऱ्या लावल्या, भिंतीला ठिगळ दिसतं. दिसू दे, हात पोचतो.

सिमेंट सुकेपर्यंत नळाला हात लावू नका, असं बजावून प्लंबर गेला. संध्याकाळी मला राहवेना. परत बसून पाहिलं. हात पोचला, पण उठवेना! धरायला जवळ तो नळच. धरला, तर हलला की. आता उद्या परत प्लंबर.

लेक म्हणाला, “तुलाच उठता येत न्हाय आई, अंघोळीला बाई लावू.”

बाई कशाला? मी आहे ना. भिंतीचं माप घेतलं, गुडघ्यांचं राहिलं, एवढंच. सुनेला सांगेन, आधी पोरीला उचल, मग मला.