हजेरीच्या खिडकीतून साठ वर्षं

३ सप्टेंबर २०१९, मंगळवार

फसले! ट्रेंट हॅलोरनचा फोन आला होता. आता तो शाळेचा मुख्याध्यापक आहे, पण माझ्या लेखी अजून एका वर्षात एकेचाळीस वेळा उशिरा आलेला कारटाच. म्हणाला, "मिसेस स्टुप्का, शाळेला साठ वर्षं होतायत. इतिहास तुम्हीच लिहायचा. दुसरं आहे कोण?" खरंच आहे. बाकीचे एकतर मेले, नाहीतर फ्लोरिडाला गेले. मी आढेवेढे घेतले – मोजून चार सेकंद.

आठ पानं हवीत. अकरा ऑक्टोबरला होमकमिंगची फुटबॉल मॅच, जुने विद्यार्थी सगळे येतात, तेव्हा मैदानावर वाटायची.

५ सप्टेंबर

लिहायला बसले. "१९५९ साली मक्याच्या शेतात..." मग पेन्सिलीला टोक केलं. मग फ्रीज पुसला. आतून आणि बाहेरून.

८ सप्टेंबर, रविवार

अठ्ठावीस पानं झाली! आता थांबता येईना.

मक्याचं शेत, त्यात अकरा खोल्या. मोटारींचा कारखाना आला आणि त्याच्यामागून क्लीव्हलंडमधली अर्धी माणसं इकडे. पहिली दोन वर्षं जिम नव्हती, म्हणून बास्केटबॉल चर्चच्या तळघरात. छत इतकं बुटकं की चेंडू उंच टाकायची सोय नाही. आमची पोरं सपाट फेकायला शिकली आणि पुढे दहा वर्षं सगळीकडे सपाट फेकून हरली. शाळेचं चिन्ह पाणमांजर. पोहायचा तलाव मात्र आजतागायत नाही! तलावासाठी गावाने सात वेळा मतदान केलं आणि सातही वेळा नको म्हणून सांगितलं. चौऱ्याहत्तर साली एकवीसशे मुलं होती. मग कारखाना गेला. आता नऊशे चाळीस, आणि त्यांच्या घरांत मिळून सव्वीस भाषा.

परत वाचलं. माझं स्वतःचं नाव एकोणीस वेळा आलंय. अगं बाई, तू फोन उचलायचीस. शाळा तू बांधली नाहीस.

१२ सप्टेंबर

नाव सहावर आणलं. दोन दिवस जिवावर आलं होतं.

पण हजेरीच्या खिडकीचा परिच्छेद काही काढणार नाही. अडतीस वर्षं सकाळी सात ते नऊ मीच तिथे होते. आईबापांचे फोन यायचे – अमक्याला ताप, तमकीचं पोट बिघडलंय. पोरंही बापाचा आवाज काढून फोन करायची. मी पहिल्याच वाक्यात पकडायचे! ठणकावून लिहून टाकलं: "या खिडकीला एकही मूल कधी फसवू शकलं नाही." आणि स्वतःच दोनदा वाचून खूश झाले. आपणच लिहायचं, आपणच डोलायचं.

१६ सप्टेंबर, सोमवार

ट्रेंटकडे गेले होते. अठ्ठावीस पानं हातात तोलून म्हणाला, आठ. त्याला पहिल्याच पानावर शंभरातली किती मुलं कॉलेजला गेली ते हवंय. एकसष्ट गेली. बाकीच्या एकोणचाळीसांचं काय झालं, ते कुणी विचारत नाही.

शिवाय मॅचच्या वेळी एका जुन्या पालकाचा सत्कार करायचाय. कुणी सुचतंय का, म्हणाला. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं – लॉरेन वॅड्नल.

त्याने नाव ऐकलेलं नव्हतं. कसं ऐकणार? लॉरेनला कुणी कधी पाहिलंच नाही. मी पण नाही.

१७ सप्टेंबर

काल रात्री झोप नाही. लिहूनच टाकते.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात तिचा पहिला फोन. मुलगी रोशेल, अकरावीत, दम्याची. महिन्यातून तीन-चारदा गैरहजर. लॉरेन हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात रात्रपाळी करायची, म्हणून पालकसभेला कधी आली नाही. आवाज बसका, थकलेला. पण बोलायला काय गोड! पुढे पुढे तर रोशेल शाळेत येणार असली तरी बाई सातला फोन करायची, नुसती गप्पा मारायला.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत माझा नवरा, रे, गेला. गालिचे विकणाऱ्या बाईबरोबर! आमच्या घरचा गालिचा मीच तिच्याकडून घेतला होता, वर घासाघीस करून. दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी बसून रडत होते आणि लॉरेनचा फोन आला. मी कुणालाही सांगितलं नव्हतं, बहिणीलासुद्धा नाही. तिला सांगितलं.

तिने रेला शिव्या घातल्या नाहीत. म्हणाली, "अगं अर्लीन, जेवायला त्याच्या खुर्चीत तू बस. म्हणजे ती रिकामी दिसत नाही. आणि अंथरूण सकाळीच आवरत जा, दोन्ही बाजू." मी तसंच केलं. ती रोज विचारायची, आवरलंस का? तो हिवाळा मी त्या बाईच्या आवाजावर काढला. हे मी खोटं बोलत नाही, आणि वाढवूनही सांगत नाही – जी माझी सवय आहे.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये रोशेल पास झाली. पदवीदानाला मी गर्दीत लॉरेनला शोधत फिरले. रोशेल म्हणाली, आई कामावर आहे. मग फोन बंद झाले. मीही केला नाही. वाटलं, मुलीचं काम संपलं, आता मी कशाला हवी! फुगून बसले. तीस वर्षं फुगून बसले, इतकी मी शहाणी.

तिला एकदा डोळ्यांनी बघायचंय. आभार मानायचेत. बाकी काही नको.

२० सप्टेंबर

माजी विद्यार्थ्यांच्या यादीत रोशेल सापडली. टोलीडोला राहते. पत्र टाकलं. पत्र कसलं, चार पानी इतिहासच.

२७ सप्टेंबर

उत्तर नाही. टपालपेटीपाशी इतक्यांदा गेले की शेजाऱ्याचा कुत्रा आता भुंकत नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

रोशेलचा फोन आला! मी विचारलं, आई बरी आहे ना? म्हणाली, "ते फोनवर नको. मी येते. मॅचच्या आदल्या दिवशी."

म्हणजे लॉरेन गेली असणार. किंवा माझ्यावर रागावलेली असणार. मला दुसरंच जास्त लागलं – माझा स्वभाव!

८ ऑक्टोबर

इतिहास छापून आला, आठ पानं. माझं नाव एकदाच. लॉरेनचं दोनदा.

९ ऑक्टोबर

अक्रोडाचा रोल भाजला. खालून करपला. दुसरा भाजला. केस रंगवले – कुणासाठी, देव जाणे. सहासष्ट वर्षांची घोडी!

१० ऑक्टोबर, गुरुवार

रोशेल आली. एकटीच. मी दारातच विचारलं, लॉरेन कुठेय. म्हणाली, आई सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरातच घर सोडून गेली, ती परत आलीच नाही. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. शाळेला कळलं असतं तर धाकट्या बहिणीला सरकारी माणसं घेऊन गेली असती. तिच्यासाठीच रोशेल शाळा बुडवून घरी राहायची. दमा वगैरे काही नव्हता.

मी म्हटलं, मग माझ्याशी कोण बोलायचं?

मग तो आवाज आला, तसाच बसका.

"अगं अर्लीन, मीच."

रे गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिची आई जाऊन चार महिने झाले होते.