पायरीवर बसलेली अध्यक्ष

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पडलंय, पण उत्तर लिहायचं त्राणच नव्हतं. विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष म्हणून मिरवते खरी, पण खुर्च्या मांडण्यापासून भांडण्यापर्यंत सगळं मीच करते. कॉलेजचं वाचनालय पाचला बंद होतं. नोकरी करून शिकणाऱ्यांनी बसायचं कुठे? ते नऊपर्यंत उघडं ठेवा म्हणून दोन वर्षं डोकं फोडतेय. यंदा माझं शेवटचं वर्ष. मी गेल्यावर हे रेटणार कोण?

धाकट्यांना तयार करावं म्हणून दुसऱ्या वर्षातल्या आमच्या ढापण्याला बैठक चालवायला दिली. पठ्ठ्या प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघतो! शेवटी मीच बोलते. पुढच्या सोमवारी प्राचार्यांशी बोलणी आहेत. थकले गं.

बाबांचा गुडघा तसाच आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

६ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. आ.

लहानपणी बाहुलीला भरवायला बसायचीस आणि घास स्वतःच खायचीस. अजून तेच चाललंय. माझ्या वॉर्डात नवी नर्स पट्टी बांधायला लागली की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते. माझा चेहरा दिसला की तिचे हात थांबतात. जीव वरखाली होतो, पण पेशंट ओरडला तरच वळते. सोमवारी तू आत जाऊच नकोस. बाहेर बस आणि जीभ आवर.

दादाला गुडघा शेकायला सांग. ऐकायचा नाही, तरी सांग. आशीर्वाद आहेतच, वेळेवर जेवत जा.

आत्या

११ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बसले बाई बाहेर, जिन्याच्या पायरीवर. दोनदा उठले, दोनदा बसले. पोरं बाहेर आली ती आठ वाजेपर्यंतचं कबूल करून! मी तिथेच भडकले. नऊचे आठ करायला तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून ओरडले. ढापण्या शांतपणे म्हणाला, की नोकरीवाल्यांना विचारलं, आठनंतर थांबायला त्यांच्यात कुणालाच जमणार नाही. मी दोन वर्षांत हे विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी वाचनालय सांभाळायचे वारही त्यांनी तिथल्या तिथे आपापसात वाटून घेतले. माझा वार कुठला, असं मी विचारलं. मग ढापण्याच म्हणाला, की ताई, तुम्ही पुढच्या वर्षी नसणार, म्हणून तुम्हाला धरलंच नाही.

घरी येऊन खूप रडले, आत्या. मग चप्पलसुद्धा न काढता जी झोपले, ती बाबांनी आज सकाळी उठवलं तेव्हा उठले. अशीच जवळ धर.

तुझी,
चिमणी