गच्चीवरच्या चौघी आणि मी

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळ.
बातमी पक्की. ‘गच्चीवरच्या चौघी’ या मालिकेचा पिक्चर येतोय. शुक्रवारी, सोलापुरात. मालिका जिथं संपली तिथून पुढची गोष्ट. चौघी मैत्रिणी गोव्याला जातात आणि प्रेमाचे घोळ होतात. रोमँटिक कॉमेडी म्हणे. गल्लीत मी ‘कौटुंबिक’ असं सांगणार.

मुरुमच्या या गल्लीत ती मालिका पाहिली गेली ती माझ्यामुळे. रोज आठ वाजता महेश्वरी वहिनी, सारजामावशी आणि सृष्टी आमच्या घरी जमायच्या. माझी बायको अयोध्या धरून बरोबर चौघी. मी स्वयंपाकघरात चहा टाकायचो आणि तिथूनच कोण खरं बोलतंय, कोण खोटं, ते समजावून सांगायचो. त्यासाठीच तर यायच्या.

अयोध्या जाऊन दोन वर्षं होतील. आता कुणी येत नाही. मालिका संपली, दुसरं काय कारण असणार?

संकल्प : तिघींना पिक्चरला न्यायचं. चौथी जागा रिकामी आहे. ती मी भरून काढणार.

३ डिसेंबर, बुधवार.
व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. ‘मुरुमच्या चौघी’. ॲडमिन मी. पिक्चरची माहिती टाकली, खाली गुलाबाचं फूल. तिघींनी वाचलं. उत्तर नाही. बायकांना टायपिंगचा कंटाळा असतो.

४ डिसेंबर, गुरुवार.
आज मार्गशीर्षातला गुरुवार, बायका पूजेत. म्हणून उत्तर नाही. सारजामावशींचा म्हणून घेतलेला नंबर त्यांच्या नातवाचा निघाला. त्याने अंगठा पाठवला. एकूण प्रतिसाद चांगला.

६ डिसेंबर, शनिवार.
प्रत्यक्ष भेटणं उत्तम. महेश्वरी वहिनी शेजारीच राहतात, ब्लाऊज शिवतात. पँट आखूड करायच्या निमित्ताने गेलो. सृष्टीही तिथंच बसली होती, समोरच्या घरची धाकटी सून. दोघी कशावरून तरी पोट धरून हसत होत्या. मी दारात दिसताच दोघी उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर. या गल्लीत अजून रीतभात आहे.

पिक्चरचं काढलं. वहिनींनी सृष्टीकडे बघितलं. मग म्हणाल्या, भावजी, बघू की, येळवस तोंडावर आलीया. म्हणजे शेतातल्या त्या अमावास्येच्या सणाआधी उरकायचं. होकारच.

पँट ठेवून घेतली. पँटी त्या शिवत नाहीत असं बाहेर आल्यावर आठवलं.

७ डिसेंबर, रविवार. रात्री.
पुण्याहून प्रेमचा फोन. त्याच्याकडून चार तिकिटं काढून घेतली. येत्या रविवारी, दुपारचा शो. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही त्या बायकांत जाऊन काय करणार? म्हटलं, समजावून कोण सांगणार मग? मग त्याने विचारलं, जेवता ना वेळेवर? म्हटलं, चारीठाव. (आज दूध-ब्रेड. रविवारी खानावळ बंद असते.)

बसण्याची व्यवस्था : आत मावशी, मग वहिनी, मग सृष्टी, कडेला मी. संकल्प : विचारलं तरच समजावायचं.

९ डिसेंबर, मंगळवार.
तयारी म्हणून मोबाइलवरचे जुने भाग टीव्हीला जोडून पाहिले. सतरंजी टाकली. दार उघडं ठेवलं, आवाज बाहेर जाईल इतका. कुणाला आठवण झाली तर सरळ आत यावं.

थोड्या वेळाने सृष्टी आलीच! उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, काका, आवाज जरा कमी करता का, आमच्या आत्याबाई झोपल्यात. म्हणजे तिकडं सासूपाशी बसून ऐकत होती. मालिकेची ओढ कायम आहे.

चहा चार कप टाकला होता. दोन मी प्यालो.

११ डिसेंबर, गुरुवार.
शरणबसप्पा ड्रायव्हरची क्रूझर जीप ठरवली. पिस्ता रंगाचा शर्ट घेतला. केस काळे केले. कानही थोडे काळे झाले. टोपी घालणार.

ग्रुपवर जीपची वेळ टाकली. महेश्वरी वहिनींचं उत्तर आलं, पहिल्यांदाच! ‘पिवळी साडी नेसू का जांभळी, आन् त्या भावजींचं काय करायचं ते मावशीला सांगायला लावा.’ लगेच डिलीट केलं, पण मी आधीच वाचलं होतं. दुसऱ्या कुठल्या ग्रुपवरचं असावं. नेटवर्कचा घोटाळा. त्यातले भावजी कोण ते कळलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार.
सारजामावशी स्वतः घरी आल्या. अयोध्याच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा. धपाटे आणले होते. सतरंजीवर बसल्या, गुडघे दाबत इकडंतिकडं बघितलं, मग म्हणाल्या, रामहरी, बाबा, राग मानू नगंस. तू सगळं केलंस, लई केलंस. पर पिक्चर हसायचा हाय म्हणं. तू बाजूला बसलास की ह्या पोरी तोंडाला पदर लावून बसतेल. त्यास्नी हसता यायचं न्हाय. मला बी न्हाय.

मी म्हटलं, मावशी, मी तुम्हाला सांगायलाच येणार होतो, माझा गुडघा धरलाय. त्या म्हणाल्या, व्हय का? बरं झालं. मग म्हणाल्या, तसं न्हाय रे बाबा.

माझा इतका मान आहे या गल्लीत हे मला माहीत नव्हतं.

गुडघा खरंच दुखतोय. लक्ष दिल्यावर जाणवलं.

१४ डिसेंबर, रविवार. दुपार.
गेल्या. वहिनी पिवळ्या साडीत. त्यांच्या घराच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या, विश्वासाची गोष्ट आहे. शर्ट घातलाच होता, म्हणून जीपपर्यंत गेलो. गोव्याच्या प्रसंगात काय लक्षात ठेवायचं ते सांगत होतो, तेवढ्यात शरणबसप्पाने गाडी काढली.

धपाटे खाल्ले. छान होते.

तोच दिवस. संध्याकाळ.
गाडी गल्लीत वळली तेव्हा आधी हसणं ऐकू आलं. किल्ल्या घेऊन कट्ट्यावर उभा होतो. हेडलाइट माझ्यावर पडला आणि हसणं थांबलं. तिघी खाली उतरल्या, पदर सारखे केले. पिक्चर कसा होता विचारलं. वहिनी म्हणाल्या, चांगला होता, भावजी. सृष्टीने मान हलवली.

सविस्तर शरणबसप्पाकडून कळलं. तिकीट वाया कशाला घालवायचं म्हणून मावशींनी त्यालाच आत नेलं. कडेच्या सीटवर तोच बसला. काका, लई हसलो, म्हणाला, ह्या बायकांनी तर थेटर डोक्यावर घेतलं, डोळ्याला पाणी आलं बघा. त्याच्यासमोर हसता येतं. तो कुणाचाच भावजी नाही.

मी आत आलो आणि दिवा बंद केला, म्हणजे मी झोपलो असं वाटेल. हे मोबाइलच्या उजेडात लिहितोय. तिघी वहिनींच्या कट्ट्यावर बसल्यात. हसणं परत सुरू झालंय. मधेच अयोध्याचं नाव आलं. मावशी तिचा आवाज काढून काहीतरी म्हणाल्या आणि तिघी लोळायच्या बाकी राहिल्या. अयोध्या इतकं हसवायची?

ती काय बोलायची ते मला ठाऊक नाही. बाहेर जाऊन विचारावंसं फार वाटतंय. पण मी गेलो की त्या गप्प होतील. अयोध्यासुद्धा व्हायची.