निकेशचा हिस्सा

गडचांदूर
शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६

प्रिय भाऊ,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा उजवा गुडघा थंडीत दुखतो, बाकी ठीक. तुझी तब्येत चांगली आहे हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते पुढे येईल.

हे पत्र तुला बोलोरमावहिनी देईल. मी पानांचे फोटो तिला पाठवणार आहे आणि ती ते छापून आणणार आहे. तू २७ तारखेला साइटवरून घरी आलास की आधी जेवू घालीन, मग देईन, असं ती म्हणाली. तेव्हा तू जेवला आहेस असं धरून लिहिते. तिला मराठी वाचता येत नाही, आणि तुझ्याशी बोलायचं ते मीच बोलेन असं मी तिला सांगितलं आहे. म्हणून आजवर ती गप्प राहिली याबद्दल तिला रागावू नकोस.

घरचं सांगते. बाबांची मासेमारीची डोंगी परसात उलटी ठेवली आहे. बूड अजून चांगलं आहे. मोहल्ल्यात दोन नव्या विहिरी झाल्या. शेजारच्या अंजनाबाईंचा नवरा गेला, त्या आता एकट्या असतात. मी दोन वर्षांपासून इथल्या एका चुनखडीच्या खाणीत सर्व्हेअर आहे. रोज खाणीचं माप घ्यायचं, किती दगड निघाला ते नकाशावर बसवायचं. दुपारी दोनला सुरुंग उडतात तेव्हा आम्ही सगळे अर्धा किलोमीटर मागे येऊन उभे राहतो. काम मला आवडतं. संध्याकाळी जे मोजलं ते सकाळी बदलत नाही.

आता मुद्द्याकडे येते. मुद्दा मंगोल भाषेचा आहे. निदान मी तिथून सुरुवात करणार आहे.

जून २०२३ पासून मी ती ऑनलाइन शिकते आहे. आधी फोनवरच्या अ‍ॅपवर. लिपी नऊ दिवसांत आली. चार महिन्यांत नमस्कार, आकडे, हवा, चहा, 'माझं नाव पायल, मी भारतातून आले' एवढं पाठ झालं आणि अ‍ॅपने अभिनंदन केलं. त्याच्यापुढे त्यात काही नव्हतं. प्राथमिक पातळीचा दोष असा की भाषा आल्यासारखी वाटते, आणि कोणी खरोखर बोलायला लागलं की एक वाक्य हाती लागत नाही. पुढचं शिकवणारं माणूस शोधायला मला सहा महिने लागले. उलानबातरच्या ओयुनबाई, निवृत्त शिक्षिका. मंगळवार आणि शुक्रवार, आपल्या सकाळी सहाला, कॉम्प्युटरवर. जवळजवळ दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही सोपं करून सांगितलेलं नाही. शिंगराला, वासराला, कोकराला आणि उंटाच्या पिल्लाला वयाप्रमाणे वेगळी नावं, ती सगळी म्हणून घेतली. माशाला मात्र एकच शब्द, झागास, तोही त्यांना आठवून सांगावा लागला. मी त्यांना आपल्याकडची मरळ, बोटरी, शिंगूर अशी अकरा नावं सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्याकडे माशांचीच कुरणं दिसतात.

माझ्या खोलीत रंजीता असते, जिवतीची, लॅबमध्ये आहे. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "मंगोलिया कुठी आलं?" चीनच्या वर, म्हटलं. "मंग चीनचीच शिक ना. मोबाईल तरी स्वस्तात भेटन." तिला वाटतं मी बाहेरच्या नोकरीची तयारी करते आहे. मी तसंच राहू दिलं.

खरं कारण वहिनीचे निरोप. पहिला १९ जानेवारी २०२२ ला माझ्या फोनवर आला, बोललेला, मंगोलीत, दोन मिनिटं चार सेकंदांचा. नंबर तिने तुझ्या फोनमधून घेतला असावा. तुझं नाव सोडून त्यातलं काही कळलं नाही. त्यानंतर महिन्या-दीड महिन्याला एक. मी उत्तर दिलं नाही. पुसलेही नाहीत. अ‍ॅपची पातळी संपल्यावर सगळे पुन्हा लावले, तेव्हा सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटचा निरोप एवढंच उघडलं, मधलं सगळं बंद. मधे शिव्या असतील असं मला वाटत होतं. असायला हव्या होत्या.

नव्हत्या. पूर्ण कळलेला पहिला निरोप माशाचा होता. तू नदीतून मासा आणलास, आई चिंचेत करते म्हणालास, इथे चिंच मिळत नाही, दह्यात केला तर चालेल का, असं तिने विचारलं होतं. तो निरोप तेव्हा एकोणीस महिने जुना झाला होता. मासा तुम्ही कसातरी खाल्लाच असेल.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये ओयुनबाईंनी नात्यांचे शब्द घेतले. बापाच्या बहिणीला तिकडेही आपल्यासारखा वेगळा शब्द आहे, अवगा एग्च. मी जुने निरोप परत लावले. बारा निरोपांत मागून एक लहान आवाज तेच म्हणतो. मी तो आवाज गोंगाट म्हणून सोडून दिला होता. तुझी नोमिन मला आत्या म्हणून हाक मारत होती.

आणि एक निरोप असा होता: निकेशला माहीत नाही मी तुझ्याशी बोलते ते. तो म्हणतो, आईने मला सोडलं. मला ते खरं वाटत नाही. आईला एकदा विचारून सांग.

आईला विचारायची गरज नव्हती.

खालून गाडीचा हॉर्न वाजतो आहे. आज अर्धी ड्युटी आहे. नंतर गावाला जाईन आणि उरलेलं तिथून लिहीन.

गाव
रविवार, २२ फेब्रुवारी

भाऊ, आता लिहिते.

१४ नोव्हेंबर २०२१, रविवार, संध्याकाळी सव्वासहा. घरच्या फोनवर तुझा फोन आला. तू लग्न केल्याचं सांगितलंस आणि आईला दे म्हणालास. मी थांब म्हटलं, फोन हातात धरून दारापर्यंत गेले. आई हातपंपावर भांडी घासत होती. तिला मी हाक मारली नाही. परत येऊन तुला म्हटलं, "आई म्हणते, फोन नको करू. बाबा गेले तेव्हाच तूबी गेला."

आई असं म्हणाली नाही. तिला तुझा फोन आल्याचंही माहीत नव्हतं.

ती भांडी घेऊन आत आली तेव्हा मी तिला म्हटलं, भाऊने तिकडे लग्न केलं, आता मला फोन करू नका म्हणाला. तेही तू म्हणाला नव्हतास. त्यानंतर घरच्या फोनचा नंबर मीच बदलून आणला, माझा तोच ठेवला. खाणीत माप घेताना सुरुवातीच्या खुणेवर परत यावं लागतं, फरक आला की चूक पकडली जाते. मी चूक दोन्ही टोकांना सारखी घातली होती. कोणी तपासलं असतं तरी फरक निघाला नसता.

बाबांना कोरोनात चामोर्शीहून गडचिरोलीला मी एकटीने नेलं होतं. खाट मिळेपर्यंत अडीच तास आम्ही गाडीतच होतो. विमानं बंद आहेत, तू येऊ शकत नाहीस, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी राग तुझ्यावर होता. आणि सात महिन्यांनी तू आनंदाच्या आवाजात फोन केलास. हे कारण आहे. सबब म्हणून सांगत नाही.

हे मी सगळ्यात आधी सांगितलं ते ओयुनबाईंना, नोव्हेंबरमध्ये. त्यांनी विषय दिला होता: घडून गेलेली, वेगळी घडू शकली असती अशी एक गोष्ट, दहा मिनिटं, न थांबता. चामोर्शी तालुक्यातलं कोणी ऐकत नव्हतं, म्हणून सांगता आलं. त्यांनी सात चुका लिहून दाखवल्या. मग विचारलं, हे तू तुझ्या भाषेत सांगितलं आहेस का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग पुढच्या वर्गाचा गृहपाठ तोच.

मी पुढचे सगळे वर्ग बुडवले.

११ जानेवारीला मी न सांगता गावी आले. घराला कडी होती. अंजनाबाई म्हणाल्या, तलावावर पाहा. आई मला नेहमी सांगायची, रविवारी मी धान पाखडायला जाते. तलावावर मच्छीमार संस्थेची मासेमारी चालली होती. पाण्यात सतरा माणसं महाजाळ ओढत होती आणि अठरावी आई. कंबरभर पाण्यात, पदर खोचून, बाबांचा जुना शर्ट अंगात.

डोमाकाका काठावर उभे होते. तेच अजून संस्थेचे अध्यक्ष आहेत. मी त्यांना विचारलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, "तुले मालूम नाई? आपल्या इथी जाळ्याले हात नाई, तं हिस्सा नाई. निकेशचं नाव काटाले निघालो होतो आम्ही. तुही माय म्हणे, त्याच्या जागी मी उतरन. चार साल झाले, उतरून राह्यली."

बाया पाण्यात जाळं ओढत नाहीत हे तुला सांगायला नको. पहिल्या वर्षी लोक हसले, काका म्हणाले. जाळं ओढणाऱ्या सुकलूने तिला टोमणा मारला, "काकू, आता मिशाबी ठेवा." तिने त्याला सांगितलं, आधी तुह्या येऊ दे. त्यानंतर कोणी हसलं नाही.

वाटे पडले. अठरा ढीग. आईने एक उचलला, घरी न आणता अंजनाबाईंच्या दारात ठेवला आणि म्हणाली, निकेशचा हिस्सा आहे. अंजनाबाईंना नवल वाटलं नाही. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. मी शहरात शिकलेली, रागीट, माझ्यासमोर तुझं नाव काढायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं म्हणे. आईनेसुद्धा. ती माझा राग सांभाळत होती.

संध्याकाळी ती चुलीजवळ अंजनाबाईंनी त्यातलीच दिलेली मरळ साफ करत होती, तेव्हा मी सांगितलं. दोन्ही वाक्यं, जशी होती तशी, आणि वहिनीच्या निरोपांचंही. तिचा हात थांबला नाही. मासा पूर्ण झाला, तो तिने मिठात घातला, मग विचारलं, "म्हणजे चार वर्सं तो तिकडं माह्या फोनची वाट पाहून राह्यला?"

हो म्हटलं.

"अन् मी इकडं त्याच्या."

मग म्हणाली, जा, भात लाव.

मी तीन दिवसांची रजा टाकली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच फोन माझ्यासमोर ठेवला आणि त्या पोरीचे सगळे निरोप लाव म्हणाली. बेचाळीस होते. मी एकेक लावून मराठीत सांगत गेले. अ‍ॅपवरच्या मंगोलीने हे झालं नसतं. चार ठिकाणी मला कळलं नाही, तिथे नाही कळलं असंच सांगितलं. दह्याच्या निरोपावर तिने सगळं थांबवलं. "दह्यात नोको म्हणा. चिंचेतच कर म्हणा, मी पाठवीन."

वहिनीला मी २५ जानेवारीला सांगितलं, तिच्या भाषेत. ती म्हणाली, तू लहान होतीस, बाप गेला होता. मी बावीस वर्षांची होते, असं मी सांगितलं. तिने माझ्या वाक्यातली चूक सुधारली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्रेचाळिसावा निरोप आला.

परवाच्या बुधवारी तिकडचं नवं वर्ष लागलं. तू साइटवर होतास, कारण तिकडच्या लोकांना सुट्टी होती. मी रजा घेऊन घरी आले होते, तेव्हा वहिनीने व्हिडिओवर फोन केला. निळा रेशमी अंगरखा घालून बसली होती, शेजारी नोमिन. वहिनीने दोन्ही हात, तळवे वर करून, पुढे केले. आईला वाटलं काही मागते आहे. मी सांगितलं की सणाला लहान माणूस मोठ्याच्या कोपरांना असा खालून आधार देतं, मोठ्या माणसाने हात वरून ठेवायचे. आईने फोनसमोर दोन्ही हात पालथे धरले आणि मला म्हणाली, ती तं तिकडं हाय, खालून तू धर. मी धरले. तिच्या कोपरांना पाण्याने भेगा पडल्या आहेत. मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं.

आईने विचारलं, पोरगी मासे खाते का. वहिनी म्हणाली, काटे काढून दिले तर. आई म्हणाली, "काढून नोको देऊ. काढाले शिकव तिले." मला काट्याचा शब्द येत नव्हता. हाड म्हटलं. वहिनीला कळलं, ती हसली. नोमिनचं नाक बाबांचं आहे.

मला खूप हलकं वाटतं आहे. हे वाक्य लिहावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला, कारण तुला अजून तसं वाटत नसेल. तू माझ्याशी न बोलायचं ठरवलंस तर ते मला समजेल. आईचा नंबर पानाच्या मागे आहे, त्याचाही फोटो पाठवते. फोन आता तिच्याजवळ असतो, पाण्यात उतरताना सोडून. वर्ग मी पुन्हा सुरू केला आहे. ओयुनबाईंना कळवलं, गृहपाठ तीन महिने उशिरा होतो आहे, पण होतो आहे.

तलावाची या सालची शेवटची मासेमारी रविवार, १५ मार्चला आहे. आई समोर बसली आहे. तिला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू. ती म्हणाली, "लिव, या खेपी मी उतरत नाई. ज्याचा हिस्सा त्यानं यावं. पोरीले अन् बाईले घेऊन यावं."

हे वाक्य तिचंच आहे. तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून खाली तिची सही घेतली आहे.

तुझी बहीण,
पायल

कुंताबाई मुखरू
निकेशची माय