कॉम्प्युटर नेटला कोणी लावला?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चावी पेटली नाही.

सकाळी गाळा उघडला. कालच्या दसरापूजेची झेंडूची फुलं झाडली, वायरकट मशीनचा कॉम्प्युटर चालू केला. पडदा निळा — 'अपडेट पूर्ण होत आहे, बंद करू नका.' या कॉम्प्युटरवर असलं वाक्य मी कधी पाहिलेलं नाही. तो नेटला जोडलेलाच नसतो. मॉनिटरच्या वर माझ्या हातची पट्टी आहे : 'नेट लावू नये — कोंडिराम.' नवघरच्या आमच्या सगळ्या इंडस्ट्रियल इस्टेटीत ही पट्टी प्रसिद्ध आहे. शेजारच्या गाळ्यांतली मशिनं अपडेट आलं की आडवी होतात, आमचं कधी झालं नाही. लोक मुद्दाम बघायला येतात. बरं वाटतं. खोटं कशाला लिहू.

बऱ्याच वेळानं पडदा आला. सगळं जागच्या जागी, पण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडेना. त्याला मागे एक चावी लागते, पेन-ड्राइव्हसारखी. कोणी चोरून वापरू नये म्हणून दिलेली. ती असेल तरच ते उघडतं. तिचा लाल दिवा विझलेला. काढली, पुसली, लावली. नाही. नव्या विंडोजला ही जुनी चावी भरवशाची वाटत नाही, असं काहीतरी इंग्रजीत येतं.

सोळा वर्षांच्या डायांची, म्हणजे पोलादी साच्यांची, ड्रॉइंगं त्यात आहेत. एकूण एक माझ्या हातची. दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर ती वाचत नाही. केसाएवढी पितळी तार पोलाद कापते ती या ड्रॉइंगांच्या वाटेनं. वाट नाही तर तार नुसती तार. चष्म्याच्या बिजागरीची डाय दिवाळीआधी द्यायचीय, तीही त्यातच अडकली.

४ ऑक्टोबर, शनिवार

मालक मितेशभाईंनी मीरा रोडहून कॉम्प्युटरवाला आणला. आलेलं अपडेट मागे घ्यायचं त्यानं खूप बघितलं, जमलं नाही. "काका, ये तो म्युझियम का माल है. जिसने बनाया वो कंपनी भी बंद है." गेला.

मग मितेशभाईंनी सगळ्यांना उभं केलं. कॉम्प्युटर नेटला कोणी लावला?

परवाच्या आरतीची गोष्ट निघाली. मितेशभाईच म्हणाले होते, "इस साल मशीन को भी आरती सुनाओ." वायरकट चालवणाऱ्या भूपेशनं स्पीकर आणून कॉम्प्युटरच्याच टेबलावर ठेवला होता. मी विहारातली वंदना आटपून पांढऱ्या कपड्यांतच पोचलो होतो. पूजेत मी मागे उभा राहतो आणि पहिला पेढा मला मिळतो, हे ठरलेलं. भूपेशच्या फोनला गाळ्यात रेंज नव्हती, माझ्या फोनवरून नेट दिलं तेव्हा आरती सुरू झाली.

भूपेश म्हणाला, "मी कॉम्प्युटरला हात पन लावला न्हाय, शेठ. आरती मोबाईलवर व्हती."

"तो क्या माताजी ने लगाया?"

कोणी हसलं नाही. मितेशभाई माझ्याकडे वळले. "कोंडिरामभाई, तुम्ही बोला."

मी म्हणालो, स्पीकर तर त्याच टेबलावर होता.

एवढंच बोललो. तेवढं पुरलं. भूपेशनं हात पुसले, फडकं मशीनवर घडी घालून ठेवलं आणि निघाला. जाताना मला म्हणाला, "भाऊ, तुमी तरी." मितेशभाईंचा निकाल झाला — दिवाळीपर्यंत उघडलं नाही तर नवीन सॉफ्टवेअर, नवीन माणूस, आणि भूपेशनं यायची गरज नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

घरी बायको, वैजयंता, म्हणाली, "पोरांना जपलं नाही एवढं त्या डब्याला जपलंत. वर पाटी लावून मिरवलंत. लागली दृष्ट."

आमच्यात दृष्ट मानत नाहीत, म्हणालो.

"मग जेवा नीट," म्हणाली.

६ ऑक्टोबर, सोमवार

चावीच्या जुन्या डबीवर एक मोबाईल नंबर होता. लागला! सांगलीला. विनिताताई.

आवाज लगेच ओळखला. सुरुवातीच्या वर्षांत सॉफ्टवेअरचं काही अडलं की कंपनीत याच फोन घ्यायच्या. मी नाव सांगितलं, गाळा सांगितला.  मग म्हणाल्या, "तुम्ही अजून वापरताय ते?"

रोज, म्हणालो. आमच्याकडे दुसरं काही नाहीच.

"रोज," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी विचारलं, ज्यांनी हे लिहिलं ते साहेब कुठे असतात? तर हसायलाच लागल्या. "कोंडिरामभाऊ, तेव्हाही तुम्ही दर फोनला म्हणायचात, ताई, साहेबांना द्या. मी म्हणायचे, थांबा, विचारून सांगते. पाच मिनिटं चहा प्यायचे आणि सांगायचे. साहेब कोणी नव्हतेच. लिहिलं मीच."

सोळा वर्षं मी त्यांना फोन उचलणारी बाई समजत होतो. लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. का ते नीट सांगता येत नाही. आपण ज्या वाटेवरून इतकी वर्षं चाललो, ती घालून देणारा माणूस भेटला, आणि तो मराठीत बोलतो, आणि हसतो.

उद्या कॉम्प्युटरसमोर बसून फोन करा म्हणाल्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार. आश्विन पौर्णिमा

ताईंनी एकेक खिडकी उघडायला लावली. चावीचं दुखणं त्यांना लगेच कळलं. मग म्हणाल्या, "पण हा नेटला गेलाच कसा? पूर्वी कुठल्या नेटला जोडला होता त्याची यादी असते. वाचा बरं."

यादीत एकच नाव होतं. इंग्रजीत — कोंडिराम.

पाच वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर नवा आणला तेव्हा विंडोज सुरू करण्यापुरतं मीच एकदा माझ्या फोनवरून नेट दिलं होतं. नंतर दोन फोन बदलले. प्रत्येकात हॉटस्पॉटचं नाव तेच घातलं, पासवर्डही तोच — जयभीम आणि गावचा पिनकोड. मला बदललेलं आवडत नाही. कॉम्प्युटरनं ओळख ठेवली होती. दसऱ्याला भूपेशच्या आरतीसाठी मी नेट सोडलं, आणि हाही न बोलावता पंगतीला येऊन बसला. पट्टी लावणारा मी. नेट लावणाराही मी.

ऐकणाऱ्या फक्त ताई, त्याही सांगलीत. नावाशेजारी एक बटण होतं. त्यावर लिहिलेलं — 'विसरा'. एकदा दाबलं की नाव जातं. दाबायचं का, हा विचार मनात आला. आला, हे इथं लिहून ठेवतो. रोज सकाळी पंचशीलातलं चौथं शील म्हणतो, खोटं बोलणार नाही. विहारात पंधरा माणसांबरोबर म्हणायला सोपं असतं.

मितेशभाईंना हाक मारली. गाळ्यातल्या सगळ्यांना बोलावलं. यादी दाखवली, माझा फोन शेजारी धरला. मितेशभाई एकदा फोनकडे बघत, एकदा पट्टीकडे. मग म्हणाले, "अब किसको निकालूं? तुम्हाला काढलं तर सकाळी गाळा कोण उघडेल?"

संध्याकाळी विहारात जायच्या आधी गोडदेवला भूपेशच्या घरी गेलो. त्याची आई दारात मासळी साफ करत होती. तिच्यासमोरच सांगितलं, चूक माझी होती, आणि त्या दिवशी मी तुझ्याकडे बोट दाखवलं तीही माझीच.  आई म्हणाली, "आमचे मिठागरात पन कदी कोनी आमाला चोर न्हाय बोलला." मी मान खाली घालून ऐकलं. ऐकायलाच गेलो होतो.

निघताना भूपेश म्हणाला, "भाऊ, ती पट्टी बदला आता. लिवा — कोंडिरामला नेट लावू नये."

८ ऑक्टोबर, बुधवार

भूपेश आला. मशीनवरचं फडकं तसंच घडी घातलेलं होतं. कोणी हलवलं नव्हतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

ताई म्हणतात, नवी चावी बनवायला आता कोणी नाही. त्या चावीची अटच काढून टाकणार आहेत. त्यासाठी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला. "चोरीला जाऊ नये म्हणून तेव्हा कुलूप घातलं होतं. आता कोणी चोरलं तर मला आनंदच होईल."

त्यांनी पाठवलेलं लावून बघितलं. उघडलं आणि लगेच मिटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

उघडलं!

ताईंनी चार रात्री जागून दुरुस्त केलं, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. त्या स्वतः म्हणाल्या, "किरकोळ होतं." मी माझं अगदी पहिलं ड्रॉइंग उघडलं, एका वॉशरचं. वाकडं आहे थोडं. शाळेत असताना आमच्याकडे कंपास पेटी वर्गात एक होती, तिची आठवण झाली. नंतर बिजागरीची डाय उघडली. एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. मागे भूपेश उभा होता. म्हणाला, "भाऊ, कसली साफ रेघ हाय ही." मी ती रेघ मोठी करून त्याला दाखवली. 

माझा अभिमान त्या पट्टीवर उभा होता, ते चुकलंच. रेघेवर उभा असायला हवा होता. रेघ शाबूत होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डाय कापून गेली. भूपेशनं तार लावली, मी नुसता बघत बसलो. पाण्याखाली ठिणगी चालते तेव्हा गाळ्यात बारीक किर्र आवाज असतो. दोन आठवडे तो नव्हता.

त्या डायमधून चाचणीला काढलेल्या पहिल्या दोन बिजागऱ्या डबीत घालून सांगलीला पाठवल्या. चावीच्याच डबीत.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ताईंचा फोन. "एवढ्या हजारो ओळी लिहिल्या, पण त्यातून निघालेली वस्तू कधी हातात घेतली नव्हती. नखावर मावते हो." मग थांबून म्हणाल्या, तुमच्यासारखे आणखी तिघं-चौघं निघाले. त्यांचंही याच अपडेटनं बंद पडलंय. चावी काढलेलं सॉफ्टवेअर त्यांना पाठवलंय, पण समजावून सांगायला माझी हिंदी पुरत नाही. तुमचा नंबर देऊ?

भाईंदरची हिंदी चालेल का, विचारलं.

"साहेब, धावेल," म्हणाल्या.

मला साहेब म्हणाल्या. वैजयंताला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता चहा पिऊन पाच मिनिटांनी सांगत जा."

२९ ऑक्टोबर, बुधवार

पहिला फोन आला. राजकोटहून, डायमेकर शेठ. चावी पेटत नाही, खूप नुकसान झालं, फार चिडलेले. मी विचारलं, कॉम्प्युटर नेटला कोणी लावला?

"कारीगर ने. और कौन? सुबह ही निकाल दिया उसको."

मी म्हणालो, सेठ, सॉफ्टवेअर बाद में. पहले लिस्ट खोलो, जो नाम लिखा है, पढ़ो.

शेठ अक्षरं लावत वाचू लागले आणि स्वतःच्याच नावाशी थांबले. मग फोन न ठेवताच त्यांनी कोणालातरी हाक मारली — "अरे, शिवा को फोन लगाओ."