तिसऱ्या डोसच्या आधी

राजापेठ, अमरावती
गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दीपमाला,

सप्रेम जय भीम. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकशील. रोज संध्याकाळी आपला फोन होतो, मग पत्र कशाला? बाई, फोनवर तीनदा सुरुवात करून पाहिली. मागच्या रविवारी तर तू स्वतःच विचारलंस, "काय सांगून राहिली होतीस आई, बोल ना," आणि मी सिलिंडर संपल्याचं सांगून मोकळी झाले. सिलिंडर संपलं नव्हतं. तोंडानं होत नाही म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. सगळं वाचल्याशिवाय फोन करू नकोस, एवढं माझं ऐक.

इकडे ऊन आत्तापासूनच चटके देतं आहे. क्लासच्या पोरांच्या गाड्या अजून आपल्याच फाटकासमोर लागतात. मी आता भांडत नाही. गल्लीतल्या मनकर्णाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या परवा काठी टेकत येऊन गेल्या. तुझ्या बाबांच्या फोटोची काच बदलून घेतली. घर दोन वेळा फिनाईलनं पुसते. तू सांगितलं होतंस ना, तो पार्वो रोग फरशीत, मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाईलनं मरत नाही, ब्लीच लागतं. ब्लीचही टाकलं. तरी पुसतेच. सकाळी करायला दुसरं काही नसतं.

तू त्याला दिवाळीच्या सुट्टीत आणलंस तो दिवस आठवतो. अकोल्याच्या एसटीतून उतरलीस तेव्हा खांद्याच्या पिशवीतून एक काळं नाक बाहेर. तुझ्या व्हेटर्नरी कॉलेजच्या हॉस्टेलमागे ट्रकखाली आलेल्या कुत्रीचं पिल्लू, सात-आठ आठवड्यांचं, पहिली लस तुझ्या सरांनीच टोचलेली. पोट असं गोल, की मी म्हटलं, हे तर ढेमसं आहे, आणि ढेमसा हेच नाव पडलं. तू म्हणालीस, "बाबा गेल्यापासून तू भिंतीशी बोलतेस, आता याच्याशी बोल." मग जेवायच्या आधीच तू फ्रिजवर कागद चिकटवलास. दुसरी लस पंधरा नोव्हेंबरला. तिसरी वीस डिसेंबरला, सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. त्यानंतर दोन आठवडे थांबायचं, आणि मग बाहेर. तोवर त्याचे पाय रस्त्याला लागायचे नाहीत. कडेवर घेऊन फिरव, गच्ची धुऊन तिथे खेळव, ओळखीच्या, लसी झालेल्या कुत्र्याशी भेट घालून दे, पण मैदानात सोडायचं नाही.

मी काय म्हणाले तेही आठवतं. "मले नको शिकवू, पोरी. म्या बत्तीस वर्षं लेकरायले सुया टोचल्या." तू हसलीस आणि तरीही समजावून सांगितलंस, की आईच्या चिकातून आलेली ताकद पिल्लाच्या रक्तात काही आठवडे असते आणि तीच लसीला खाऊन टाकते. ती कधी संपेल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं आणि शेवटची सोळा आठवड्यांनंतरच. दोन झाल्या म्हणजे झालं असं समजू नकोस, हे तू बोट दाखवून सांगितलंस. मी मान हलवली. मनात म्हटलं, गोवराचे दोनच डोस, लेकरं जगली. कुत्र्याचे काय एवढे लाड.

तुला जमुनाची गोष्ट कधी सांगितली नाही. तू तेव्हा पाच वर्षांची असशील. मी तेल्हारा तालुक्यात उपकेंद्रावर होते. जमुनाचा पोरगा घटसर्पानं गेला. तिला मी विचारलं, डोस दिले होते का? ती म्हणाली, "दिले जी सिस्टरबाई, माहेरी दिले." मी तिच्या घरात जाऊन कार्ड शोधलं आणि ते कोरं कार्ड अंगणात उभी राहून सगळ्यांसमोर वाचलं. जिल्ह्याचे साहेब आले होते, त्यांना दाखवायचं होतं की चूक माझी नाही. ती खाली मान घालून उभी होती. महिन्याभरात तिनं गाव सोडलं. मला त्या वर्षी चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते तू पाहिलं आहेस. ती खोटं का बोलली, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

पंधरा नोव्हेंबरची लस मी वेळेवर दिली. त्यानंतर ढेमसा दाराशी बसून रडायचा. खाली सकाळी बायका फिरायला निघायच्या, त्यांचे आवाज ऐकून दाराला पंजे मारायचा. सत्तावीस तारखेला मी त्याला कडेवर घेऊनच उतरले, खरंच. गल्लीच्या टोकाला तो मोकळा प्लॉट आहे ना, जिथे बायका कट्ट्यावर बसतात, तिथवर गेले. मनकर्णाबाई म्हणाल्या, "अवं, त्याले खाली तर सोड, पाय हायेत का नाई त्याले?" सगळ्या हसल्या. मी सोडलं. तो गवतात असा उधळला, की माझ्याही तोंडून हसू फुटलं. दीपमाला, दोन वर्षांत त्या कट्ट्यावर मला कुणी बस म्हटलं नव्हतं. विधवा बाई, तीही कडक सिस्टरबाई, कोण बोलावणार? त्या दिवशी त्यांनी सरकून जागा दिली. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांची वाट पाहत दारात उभी होते.

नऊ सकाळी गेले मी. सहाव्या सकाळी नालीजवळ रस्त्यावरच्या कुत्रीची पिल्लं दिसली. एक उलटी करत होतं, एक आडवं पडलं होतं, माश्या बसलेल्या. बत्तीस वर्षं साथी पाहिल्या आहेत मी. लांबून पाहिलं तरी मला कळतं. मला कळलं. मी ढेमशाची दोरी थोडी आखडली, आणि कट्ट्यावर जाऊन बसले. पुढचे तीन दिवसही गेले.

सहा डिसेंबरला तू आलीस म्हणून गेले नाही. आदल्या दिवसापर्यंत तुझी वॉर्डात ड्यूटी होती, पार्वोची चार पिल्लं सलाईनवर होती, त्यांच्याबद्दल तू जेवताना बोलत होतीस. ढेमसा तुझ्या बुटांवर डोकं ठेवून झोपला होता. रविवारी तू गेलीस. मंगळवारी त्यानं दूध सोडलं. संध्याकाळी उलटी, रात्रीतून रक्ताची हगवण. तो वास मी अजून विसरले नाही. सकाळी ऑटोनं डॉक्टरांकडे नेलं, तूही बाराच्या आत अकोल्याहून पोचलीस. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, पार्वोच होता. डॉक्टरांनी मला विचारलं, "बाहेर नेलं होतं का याला? मैदानात, रस्त्यावर?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "नाही जी. गच्चीच्या पलीकडं नाही."

किती सहज निघालं ते तोंडातून. जमुनाच्या तोंडूनही असंच निघालं असेल.

तू खाली आपल्या बुटांकडे पाहिलंस. म्हणालीस, "मग मीच आणलं, आई. वॉर्डातलेच बूट घालून आले, बदलले नाहीत." डॉक्टर म्हणाले, होऊ शकतं. मी तेव्हा तुझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच. त्यानंतर तीन दिवस तू त्याच्याजवळ फरशीवर बसलीस, सलाईनची सुई त्याच्या पायातून निघू नये म्हणून हातानं धरून. मी डबा घेऊन यायचे आणि रोज ठरवायचे की आज सांगते. शनिवारी दुपारी त्यानं एकदा मान उचलून आपल्या दोघींकडे पाहिलं, मग त्याचा श्वास थांबला. तू रडली नाहीस. बाहेरच्या नळावर जाऊन हात धुवायला लागलीस, आणि किती वेळ धूतच राहिलीस. मी मागे उभी होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "चल पोरी, होऊन गेलं. आता रडून काय होते?"

त्यानंतर मी त्या कट्ट्यावर गेले नाही. मनकर्णाबाई परवा आल्या त्या हेच विचारायला, "काहून येत नाही आता?" मी सांगितलं, पाय दुखतात.

मंगळवारी तुझ्या हॉस्टेलच्या खोलीतल्या माधवीचा फोन आला. तुला न सांगता केला होता, तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली, तू महिना झाला वॉर्डात पाय ठेवला नाहीस, हात धुऊन धुऊन बोटांची साल निघाली आहे, आणि कॉलेज सोडायचा अर्ज लिहून ठेवला आहेस, सोमवारी देणार आहेस. "माझ्या हातून जनावरं मरतील," असं लिहिलंस म्हणे. म्हणून हे पत्र. तुझ्या बुटांमुळे काहीच झालं नसेल, अशी शपथ मी घेत नाही. शास्त्र तू शिकली आहेस, तू पडताळून पाहा. पण मरणाऱ्या पिल्लांच्या मातीत नऊ सकाळी त्याला मी खेळवलं, तिसऱ्या डोसच्या आधी, सगळं माहीत असून, आणि दोन महिने तुला तुझ्याच डोळ्यांत खुनी होऊ दिलं. हे पत्र तुझ्या सरांना दाखव, माधवीला दाखव, माझी चूक लपवू नकोस. माझा फोन उचलावासा वाटला नाही तर उचलू नकोस. घरी यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मी माणसं पाठवून बोलावणार नाही. पण तो अर्ज फाड आणि सोमवारी वॉर्डात जा. तिथे एखादी बाई मांडीवर पिल्लू घेऊन बसली असेल. बाहेर नेलं होतं का विचारलं, की ती नाही म्हणेल. तिला बाजूला घे, आणि हळू आवाजात पुन्हा एकदा विचार.

तुझीच,
आई