फ्रीजरमधली नऊ पाकिटं

दासोलचे बाबा,

फ्रीजरमध्ये सोया सॉसात मुरवलेल्या मांसाची नऊ पाकिटं आहेत. प्रत्येकावर तारीख आहे. आदल्या रात्री एकेक खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका, मागच्या वेळी चामडं झालं होतं. आजचं खालीच ठेवलंय, ते मात्र आजच परता. नासपती संपली म्हणून मांस मऊ व्हायला त्यात किवी किसून घातलंय, उद्यापर्यंत राहिलं तर लगदा होईल.

दासोलला सांगा, आई बुसानला मावशीकडे गेलीय. गुरुवारी पोरीची परीक्षा आहे, तोवर ऑपरेशनचं तिच्या कानावर जाता कामा नये. गाठ काढून झाली की मीच सांगेन.

पूर्वी मी चार दिवस पुरेल असं हाडांच्या सूपचं मोठं पातेलं चढवलं, की "आम्हाला सोडून कुठे निघालीस?" म्हणून तुम्ही मागे लागायचात. काल फ्रीजर उघडून ही सगळी पाकिटं पाहिलीत, बर्फ काढून घेतलात आणि टीव्हीपुढे जाऊन बसलात.

हॉस्पिटलचं नाव सगळ्यात खालच्या पाकिटावर लिहिलंय. क्रमाने खात गेलात, तर नऊ दिवसांनी सापडेल.

ओकसून